एकशे नव्याण्णव होकार

“किती झालं, ताई?” आबा होवाळांनी विचारलं.

“एकशे नव्याण्णव.”

“आन न्हाई म्हननारं?”

“एकही नाही.”

आबांनी हातातलं काम थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला. मग हसायला लागले. तोंड मिटून, पोट हलवत हसायची त्यांची पद्धत होती. मला राग आला. पाच दिवस उन्हातान्हात वणवण करून, चपलेचा अंगठा दोनदा शिवून घेऊन मी ते फॉर्म भरले होते, आणि हे गृहस्थ हसत होते.

“कवठ्यात दोनशे मानसं येका गोष्टीवर येक झाली, असं मी तरी जन्मात बगितलं न्हाई,” ते म्हणाले. “आवं, जत्रंला तमाशा आनायचा का कुस्त्या धरायच्या, ह्याच्यावर चार पार्ट्या पडत्यात हितं.”

“म्हणजे मी घरी बसून फॉर्म भरलेत, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“तसं न्हवं. तुमी लय राबलाय. तुमच्या हातात ते कशानं पडलं, तेवढंच इचार करन्याजोगं हाय.”

अठ्ठ्याण्णव सालचा मार्च महिना होता. मी कोरेगावची. बी.एस्सी. झालेली, लग्न ठरत नव्हतं आणि घरात बसवत नव्हतं, म्हणून पुण्याच्या एका कंपनीत पाहणीच्या कामाला लागले होते. आमचे वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. ते एवढंच म्हणाले, “जा, पण रिपोर्ट चोख दे.” कंपनीनं बॅटरीवर चालणारी तीनचाकी गाडी बनवली होती. आज अशा गाड्या गल्लीबोळांतून पळतात आणि कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. तेव्हा विजेची गाडी म्हटलं की लोक विचारायचे, “वायर किती लांब हाय तिची?” सातारा-सांगलीकडचं एखादं तालुक्याचं गाव निवडायचं, तिथं पहिल्यांदा दहा गाड्या आणि एक चार्जिंग केंद्र टाकायचं, असा कंपनीचा बेत होता. इस्लामपूर आणि कवठे महांकाळ ही दोन गावं शर्यतीत होती. इस्लामपुरात माझ्या आधीच एकजण जाऊन आला होता. तिथल्या लोकांनी म्हणे “ऊस वढंल का?” एवढं विचारलं आणि वाटेला लावलं.

कवठ्यात मी आले. माझ्या फॉर्मात एकतीस प्रश्न होते. पहिले एकोणतीस नुसती प्रस्तावना. तिसावा, अशी गाडी तुम्ही घ्याल का? एकतिसावा, तुमच्याकडची वीज चार्जिंगला पुरेल का? पुढं दोन चौकोन, हो आणि नाही. दोनशे फॉर्म भरायचे होते. शेवटचा मी आबांसाठी राखून ठेवला होता, कारण गाव निवडलं गेलं तर केंद्र तेच चालवणार होते.

दुसरं होतंच कोण? एस.टी. स्टँडच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये आबांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. उमेदीच्या काळात त्यांनी मिरजेला एका वर्कशॉपमध्ये बॅटऱ्या उचलायचं काम केलं होतं. उचलता उचलता त्या उघडायला शिकले, आणि गावी येऊन बावीस वर्षांपूर्वी हे दुकान टाकलं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर वीज कधी असायची, कधी नसायची. लोक ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बघायचे, लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर एखादी ट्यूब लावायचे. बॅटरी उतरली की सायकलच्या कॅरिअरला बांधून आबांकडं. चार्ज व्हायला वेळ लागतो, आणि माणूस तर आठ कोसांवरून आलेला. म्हणून आबांनी स्वतःच्या बारा बॅटऱ्या भरून तयार ठेवल्या होत्या. तुमची रिकामी ठेवा, माझी भरलेली न्या, पुन्हा याल तेव्हा बदला. ह्याला तिकडं ‘पालटी’ म्हणायचे. पालटीमुळं कुणाचा हेलपाटा वाया जात नसे.

आबांची दुसरी ख्याती म्हणजे त्यांचं ‘न्हाई’. आमचं बोलणं चाललं असतानाच बिराप्पा दुकानात आला. जत तालुक्यातला धनगर, कानडी-मराठी दोन्हीची खिचडी करून बोलणारा, पोत्यात गुंडाळलेली बॅटरी घेऊन एस.टी.नं आलेला. आबांनी काचेची नळी बॅटरीच्या भोकात घालून आतलं पाणी ओढलं, नळीतला काटा कुठवर तरंगतो ते बघितलं आणि मान हलवली.

“न्हाई गड्या. मेली ही.”

“येकदा चार्ज करून बघा की री.”

“बगतो. पर मढ्याला टॉनिक पाजल्यागत हुईल ते. तुजं पैसं फुकट जातील.”

बिराप्पा निमूट उठला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यानं हुज्जत घातली असती. आबांनी सांगितलं म्हणजे मेलीच. गावात त्यांच्या मागं लोक त्यांना ‘न्हाई-आबा’ म्हणायचे, आणि बॅटरी मात्र त्यांच्याचकडं आणायचे.

जाता जाता बिराप्पा माझ्यासमोर थांबला. “म्याडम, माझं नाव बरकोळ्री, लिवून घेतलंय न्हवं? गाडी येताच मला पयली. चाळीस मेंढरं इकायला काढायची ठरवलीत मी. पोरांची आई बी हो म्हनली.”

मी हसून मान डोलावली. आबा हसले नाहीत.

“ताई,” तो गेल्यावर ते म्हणाले, “उद्या बाजार हाय. माझ्यासंगं या. फकस्त बोलू नका.”

दुसऱ्या दिवशी बाजारात आबा पुढं, मी चार पावलं मागं. मनुबाई शेंगा आणि चिंच घेऊन बसली होती. साठीची बाई, तोंडानं फटकळ. तिनं माझ्या फॉर्मात एक सोडून दोन गाड्या लिहायला लावल्या होत्या. आबांनी मला शेजारच्या मिरचीवाल्याच्या ताडपत्रीआड उभं केलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

“मनुबाई, रिक्षा कवा घेतीस?”

“कसली रिक्षा?”

“बॅटरीची. दोन लिवल्यात म्हनं तू.”

“आगं बया, ती व्हय. आवं आबा, मला काय याड लागलंय? मला सायकल येत न्हाई.”

“मग हो कशापायी म्हनलीस?”

“तर काय म्हनू? परगावची लेक, उनानं त्वांड लालबुंद झालेलं, दारात आली. लेकीबाळीला कुनी रिकाम्या हातानं धाडतं व्हय? तिला ‘हो’च पायजे हुतं, दिलं. दोन दिलं म्हंजी तिचा सायब तिला बरं म्हनंल.”

मी ताडपत्रीआडून बाहेर आले. माझा चेहरा कसा झाला होता कुणास ठाऊक. मनुबाईला मात्र कसलीही लाज वाटली नाही. तिनं ओंजळभर शेंगा माझ्या ओढणीत टाकल्या.

“ऐकलंस व्हय? बरं झालं. पर ते खोडू नगंस बाई. दिल्यालं परत घ्यायची आमच्यात रीत न्हाई.”

त्यानंतर आम्ही आणखी सहा ठिकाणी गेलो. नानासो फौजेतून आलेले; त्यांची स्वतःची जीप होती, शेतात चार एकर ऊस होता, बॅटरीच्या गाडीची त्यांना टाचणीएवढी गरज नव्हती. ते म्हणाले, “सुभेदाराची पोर म्हनल्यावर फौजी मानसानं न्हाई कसं म्हनायचं?” पिठाच्या गिरणीवाले लालासाहेब म्हणाले, आधी प्रश्न पुरता कळलाच नव्हता, पण चहा चांगला झाला होता. मला आता एकेक घर आठवायला लागलं. प्रत्येक घरात माझ्यासाठी खुर्ची पुसली होती. प्रत्येक घरात कुंकू लावलं होतं, कुणी खण दिला होता, कुणी हुरडा बांधून दिला होता. आणि ओटीत नारळ घालावा तसा शेवटी प्रत्येकानं माझ्या फॉर्मात एक ‘हो’ घातला होता. कंपनीनं बाजाराची तयारी मोजायला मला पाठवलं, आणि मी पाच दिवस पाहुणचार मोजत फिरले. स्वतःच्या शिक्षणाची मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

दुकानात परत आल्यावर मी आबांवरच चिडले. माणूस चिडायला जवळचा बघतो.

“झालं समाधान? तुम्हाला केंद्र नकोच असेल तर तसं सरळ सांगायचं होतं.”

“नको?” आबा म्हणाले. “लय पायजे.”

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. त्यांची लेक आम्रपाली मिरजेच्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. पुण्याच्या कारखान्यात तिची मुलाखत झाली होती. बनाबाईंना, म्हणजे आबांच्या मालकिणींना, पोरगी जवळ हवी होती आणि आबांनाही. पण कशाच्या जोरावर राहा म्हणायचं?

“हितं काय ठिवलंय तिला? ह्या ॲसिडच्या बरण्या? डिप्लोमा काढल्याली पोर बिराप्पाच्या मेल्या बॅटऱ्या हुंगत बसंल व्हय? पर केंद्र झालं तर गोष्ट निराळी. मशीन येतील, कागद येतील, तिच्या शिक्षनाचं काम हुईल. तुमच्या कंपनीचं साहेब पयल्यांदा आलं तवापास्नं रोज सपान बगतोय मी. पोरगी टेबलामागं बसलीया, आन मी तिच्या हाताखाली.” ते उठले. “म्हनून तर खरं-खोटं बगाय पायजे. खोट्या चार्जवर गाडी दारातनं निगती, फाट्यावर बंद पडती.”

त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला कॅलेंडरांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर टाकला. नऊ वर्षांची कॅलेंडरं. लोक ज्या चौकोनात दुधाचा खाडा लिहितात, तिथं आबांनी पेन्सिलीनं आकडे लिहिले होते. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि झोपताना, रोज. बॅटरी कोणत्या वेळी लावली तर नीट भरते ते कळावं म्हणून सुरू केलेली सवय होती, मग सुटलीच नाही.

“तुमच्या कंपनीच्या कागदावर काय लिवलंय? व्होल्टेज दोनशेच्या खाली आलं की चार्जर आपसूक बंद. गाडी भराय आठ तास. आता हे बगा. मार्च, एप्रिल, मे. सांजच्याला किती? एकशे साठ. दुपारी? एकशे ऐंशी, न्हाईतर लाईटच न्हाई. दोनशेच्या वर कवा? समदं गाव झोपल्यावर, चार तास. आठ पायजेत, मिळत्यात चार. कोन वंगाळ हाय म्हनून न्हवं, मोटरा किती आन तारा किती, त्याचा हिशेब हाय त्यो.”

“आणि दहा गाड्या एकदम लावल्या तर?”

“धा गाड्या म्हंजी लालासाहेबाच्या पाच गिरन्या येकदम चालू. आमच्या आळीचा डीपी आत्ताच कन्हतोय.”

डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, हे मला तोवर कळायला लागलं होतं. एकतिसावा प्रश्न मी एकशे नव्याण्णव माणसांना विचारला होता, आणि त्याचं उत्तर ह्या एका खिळ्याला लटकत होतं.

“एकशे अठ्ठ्याण्णव लोकांचं काई जानार न्हाई,” आबा म्हणाले. “त्ये गाडी घेनारच न्हाईत. येक बिराप्पा खरा. त्यो मेंढरं इकंल, आन अर्धी भरल्याली गाडी घिऊन डोंगराच्या चढाला अडकून बसंल.”

मी एस.टी.डी. बूथवरून पुण्याला फोन लावला. आमचे राजवर्धन साहेब उत्साही गृहस्थ. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, “संयोगिता, होकार तो होकार. इतकी चिकित्सा केली तर जगात एकसुद्धा लग्न व्हायचं नाही. रविवारी गाडी घेऊन येतोय. मंडप टाका.”

रविवारी गाडी टेम्पोवर चढून आली. पांढरीशुभ्र, तीन चाकांची, अंगावर हिरवा पट्टा. फळ्या लावून खाली उतरवली तेव्हा मार्केट यार्डात अख्खं कवठं जमलं होतं. साहेबांनी किल्ली फिरवली, गाडी पुढं सरकली आणि लोक गप्पच झाले, कारण गाडीचा आवाजच नव्हता. मनुबाई म्हणाली, “चालू कर की रं बाबा,” तोवर गाडी तिच्यासमोरून निघून गेली होती.

मग जी झुंबड उडाली ती उडाली. एकेका फेरीला सहा-सहा माणसं. नानासो पुढं बसले आणि उतरायलाच तयार होईनात. बनाबाई शेजारणींना घेऊन दोन फेऱ्या मारून आल्या. बिराप्पा मागच्या बाकावर डोळे मिटून बसला होता; मी विचारलं तर म्हणाला, “झोप आली नाही री, बरं वाटतंय.” सगळ्यांनी आबांना बोलावलं. आबा गेले नाहीत. नवा शर्ट घालून, दाढी करून ते मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते आणि गाडी वळली की त्यांची मान वळत होती. आम्रपाली सकाळच्या एस.टी.नं मिरजेहून आली होती. ती गाडीच्या खाली डोकं घालून बॅटऱ्यांची पेटी बघून आली, आणि बापाच्या कानाशी काहीतरी बोलली. आबांनी हं केलं.

दुपारी सभा झाली. साहेबांनी माझे फॉर्म हातात उंच धरले. दोनशेपैकी एकशे नव्याण्णव, असं बाजार तयार असलेलं गाव आपण महाराष्ट्रात बघितलं नाही, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. लोकांना आपल्या गावाचं कौतुक वाटलं. मग साहेब म्हणाले, “आपल्या केंद्राचे होणारे चालक होवाळसाहेब दोन शब्द बोलतील.”

जन्मात पहिल्यांदाच कुणी त्यांना होवाळसाहेब म्हटलं असेल. आबा पुढं आले. माईक त्यांनी हातात घेतला नाही.

“गाडी लय चांगली हाय,” ते म्हणाले. “बनवनाऱ्याला हात जोडतो. पर आपलं गाव तयार न्हाई.”

मंडपात चुळबुळ झाली. साहेबांना वाटलं हा विनय आहे. ते हसून म्हणाले, “आबा, लोकांनी हो म्हटलंय.”

“लोकांनी ताईला हो म्हनलंय, साहेब. गाडीला न्हवं. सातारकडची लेक आली, तिचं मन कुनी मोडलं न्हाई. ह्यात लोकांचीबी चूक न्हाई, तिचीबी न्हाई. पर वायरीला पाहुनचार कळत न्हाई. तिच्यात जेवडं हाय तेवडंच ती देती.” आणि त्यांनी आकडे सांगितले. एकशे साठ, एकशे ऐंशी, आठ तास, चार तास, पाच गिरण्या. सांगताना त्यांचा आवाज बॅटरी तपासताना असतो तसाच होता.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. “संयोगिता, हे खरं आहे का?”

पगारी माणसानं अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला माहीत होतं. समोर एकशे नव्याण्णव यजमान बसले होते, त्यांना खोटं पाडायचं माझ्याही जिवावर आलं होतं. पण वडील म्हणाले होते रिपोर्ट चोख दे, आणि आबा तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त हरून बसले होते.

“खरं आहे, साहेब,” मी म्हणाले. “मी आणलेत ते होकार पाहुणचाराचे आहेत. विजेचा रिपोर्ट आबांच्या कॅलेंडरांत आहे.”

“आता खोडलंस व्हय बाई,” मनुबाई पुढच्या रांगेतून म्हणाली, आणि सगळा मंडप हसला.

आबांना अजून बोलायचं होतं. “येक उपाय हाय, साहेब. बॅटऱ्यांची पेटी निगंल अशी करा. आमी दुकानात पालटी करतो तशी करू. रिकामी पेटी ठिवायची, भरल्याली घालायची, गाडी पुढं. पेट्या मी आन माझी पोर, कवा लाईट चांगली असंल तवा भरू. धा न्हाई, दोन गाड्या द्या. दोन मी संबाळतो.”

आम्रपाली उभी राहिली. “पण पेटी वेल्डिंगची आहे, आबा. निघणार नाही. मी बघितली.”

“तेच म्हनतोय. निगंल अशी करा म्हनतोय.”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आबांचं बोलणं वहीत लिहून घेतलं, कॅलेंडरांची पानं चाळली, मान हलवली. मग म्हणाले, “होवाळसाहेब, पुढच्या मॉडेलला बघू. पण ह्या वर्षी मला दहा गाड्या रस्त्यावर दाखवायच्यात. मग इस्लामपूरच धरावं लागेल.”

“धरा की,” आबा म्हणाले. “तितं कारखाना हाय, लाईट बरी असती. पर भरवशावर ऱ्हाऊ नका, मीटर लावून बगा.”

संपलं. मंडप सोडायला सुरुवात झाली. बिराप्पा आबांसमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं भांडणार. तो पागोट्याचा शेव चाळवत म्हणाला, “मग मेंढरं ऱ्हाऊ देऊ म्हनता?”

“ऱ्हाऊ दे.”

“बरं,” म्हणाला आणि गेला.

बनाबाई मात्र एका बाजूला जाऊन डोळे पुसत होत्या. “साऱ्या गावाला न्हाई म्हनला, ते म्हनला,” त्या मला म्हणाल्या, “आज येक डाव तरी हो म्हनायचं हुतं ओ.” मीही रडले असते, पण आम्रपाली माझ्याकडं बघत होती. तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “पुण्याहून रात्रीची एस.टी. असती आई, सकाळी हितं. मी येत जाईन.” तिनं ठरवलं होतं. आबांनी ते ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

साहेब नानासोंकडं जेवायला गेले. टेम्पोवाला झाडाखाली आडवा झाला. यार्डात मधोमध ती पांढरी गाडी एकटीच उभी होती. आबा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. टायर दाबून बघितलं. हँडलवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली, नव्या शर्टाच्या.

“ताई,” ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “येक फेरी मारू का?”

साहेब किल्ली माझ्याकडं ठेवून गेले होते; ती मी दिली. त्यांनी चपला काढून ठेवल्या आणि ते आत बसले. सगळं गाव दिवसभर चपला-बुटांसकट चढलं होतं. गाडी हलली. गुळाच्या अडत्यांच्या गाळ्यांवरून, वजनकाट्याजवळून, लिंबाच्या झाडाला वळसा घालून ती आवाज न करता चालली होती, आणि आबा ताठ बसले होते, दोन्ही हात हँडलवर. आबांना दात दाखवून हसताना मी त्याच दिवशी पहिल्यांदा बघितलं.

यार्डाच्या पार पलीकडच्या टोकाला गाडी थांबली. मला वाटलं बंद पडली. मी आणि आम्रपाली धावत गेलो, तर आबा खाली उतरून गाडीतल्या चार्जच्या काट्याकडं वाकून बघत होते. दिवसभराच्या फेऱ्यांनी काटा तळाला आला होता.

“काय झालं आबा, चालती की अजून,” आम्रपाली म्हणाली. “बसा, फेरी पुरी करा.”

“नगं,” आबा म्हणाले. “फळीवरनं टेम्पोत चढायला लागंल की तिला. त्येवडं ऱ्हाऊ दे.”

त्यांनी किल्ली बंद केली, मागं गेले आणि दोन्ही हात लावून गाडी ढकलायला लागले. आम्रपालीनं दुसऱ्या बाजूनं खांदा लावला. मी फॉर्मांची पिशवी आतल्या बाकावर टाकली आणि मधे शिरले. गाडी जड होती, पोटात बारा बॅटऱ्या होत्या, आणि ऊन अजून उतरलं नव्हतं. लिंबाच्या झाडाशी आलो तेव्हा आबांनी दम घेतला.

“पुरंल न्हवं चढाय?” त्यांनी विचारलं.

आम्रपालीनं आत डोकावून काटा बघितला. “पुरंल,” ती म्हणाली.

“मग चला,” आबा म्हणाले, आणि आम्ही पुन्हा हात लावले.